गळ्यातील जपमाळ : संत जोसेफ वाझ

जानेवारीच्या मध्यावर सोलापूरचे सारे लक्ष सिद्धरामेश्वरांच्या यात्रेकडे लागलेले असते. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा आणि गड्डा यांत आपले अवघे शहर बुडून गेलेले असते. नेमक्या त्याच दिवसांत, १६ जानेवारीला, गोव्यातील आणि श्रीलंकेतील कॅथलिक समाज एका अनवाणी धर्मगुरूचे स्मरण करीत असतो. त्यांचे नाव संत जोसेफ वाझ. गोवेकर त्यांना जिव्हाळ्याने जुझे वाझ म्हणतात. श्रीलंकेत त्यांना फार मोठा मान आहे; परंतु शेजारच्या महाराष्ट्रात त्यांचे नाव क्वचितच कानी पडते. म्हणूनच हा लेखप्रपंच.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सतराव्या शतकातील गोव्याविषयी वाचत असताना या चरित्राशी माझी गाठ पडली आणि एका प्रश्नाने मला धरून ठेवले. दुःखाच्या काळात माणूस रोज नेमाने प्रार्थना करतो, देवावर भार टाकतो, तेव्हा त्याच्या पदरात नेमके काय पडते? दुःख टळते काय? आणि टळत नसेल, तर त्या प्रार्थनेचा उपयोग कोणता? हा प्रश्न केवळ कॅथलिकांचा नाही. आषाढीला पायी निघणाऱ्या वारकऱ्याचा तो आहे, दवाखान्याच्या पायरीवर रात्र काढणाऱ्या प्रत्येक माणसाचा आहे. जोसेफ वाझ यांनी यावर ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे आयुष्य हेच त्यांचे उत्तर होय.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टी प्रांतातील बाणावली या आजोळच्या गावी झाला. तुकोबांच्या निर्वाणाला तेव्हा जेमतेम एकदोन वर्षे लोटली होती आणि शिवाजी महाराज ऐन एकविशीत होते. वडील क्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळच्या एका प्रतिष्ठित घराण्यातले. आईचे नाव मारिया दे मिरांडा. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. मातृभाषा कोकणी. पोर्तुगीज त्यांनी सांकवाळला आणि लॅटिन बाणावलीला शिकून घेतली. मुलाची बुद्धी पाहून वडिलांनी त्यांना गोवे शहरात धाडले. तेथे जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयात आणि पुढे डॉमिनिकन संघाच्या विद्यालयात त्यांचे अध्ययन झाले. १६७५ साली त्यांना उपगुरूची दीक्षा मिळाली. ती देणारे कुस्तोदियो द पिन्यो हे विजापूर आणि गोवळकोंडा या मुलखासाठी नेमलेले धर्माधिकारी होते. विजापूरचे नाव आले म्हणजे आपल्याला घरचेच काही ऐकल्यासारखे वाटते! पुढल्याच वर्षी, १६७६ मध्ये, आर्चबिशप ब्रांदाव यांच्या हस्ते ते धर्मगुरू झाले.

दीक्षेनंतर लवकरच त्यांनी पायांतले जोडे काढून टाकले. गोरगरीब जसे चालतात तसे आपणही चालायचे, एवढाच त्यामागचा विचार. १६७७ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली. आपण मरियामातेचे दास आहोत असा लेख स्वतः लिहून त्याखाली सही केली. त्या काळी गोव्याच्या बाजारात गुलामांची खरेदीविक्री उघडपणे चाले. त्या व्यवहारातलाच शब्द उचलून त्यांनी आपले आयुष्य बांधून टाकले. दासाला आपला दिवस आपल्या मर्जीने काढता येत नाही. तो धन्याचा असतो. पुढच्या चौतीस वर्षांत हा करार त्यांनी मोडल्याचे दिसत नाही.

येथे कॅथलिकांच्या नित्य प्रार्थनेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकांना तिची ओळख नसेल. धर्मगुरूने दिवसाच्या ठरावीक प्रहरी स्तोत्रे म्हणावयाची असतात आणि मिस्साबलिदान अर्पण करावयाचे असते. सामान्य माणसासाठी जपमाळ असते. प्रारंभी प्रभूची प्रार्थना, मग दहा मण्यांवर दहा वेळा मरियामातेला वंदन, अशा पाच दशकांची ही माळ. एकेका दशकाबरोबर येशूच्या आणि मरियेच्या जीवनातील एकेका प्रसंगाचे चिंतन करावयाचे. त्या काळी असे पंधरा प्रसंग होते : पाच आनंदाचे, पाच दुःखाचे, पाच गौरवाचे. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांत आणखी पाचांची भर घातली. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की दुःखाचे प्रसंग या माळेतून वगळलेले नाहीत. गेथसेमनी बागेतली व्याकुळ रात्र, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूसाचे ओझे आणि मरण, हे सारे माणसाने बोटांनी मोजीत पुनःपुन्हा पाहावयाचे असते. सुखाच्या दिवसांतही दुःखाची ओळख ठेवावयाची आणि दुःखाच्या दिवसांतही ते शेवटचे दशक नव्हे हे विसरावयाचे नाही, अशी ही योजना आहे.

या सुमारास सिंहलद्वीपातून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, वाईट वार्ता येत होत्या. त्या बेटाच्या किनाऱ्यावरील पोर्तुगिजांची सत्ता डचांनी मोडून काढली होती. १६५६ मध्ये कोलंबो पडले आणि १६५८ मध्ये जाफना. डच हे प्रॉटेस्टंट. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिले, चर्चे ताब्यात घेतली आणि धर्मगुरूला आसरा देणाऱ्यासाठी देहदंडापर्यंतच्या शिक्षा फर्मावल्या. हजारो कॅथलिक कुटुंबे गुरूवाचून उरली. वाझ यांनी तेथे जाण्याची परवानगी मागितली. परंतु वरिष्ठांनी १६८१ मध्ये त्यांना कानडा किनाऱ्यावर धाडले. ते निमूटपणे गेले. मंगळूर, बसरूर, गंगोळी, होन्नावर या भागात त्यांनी १६८४ पर्यंत काम केले. त्या प्रदेशावर हक्क कोणाचा, पोर्तुगालच्या राजाचा की रोमचा, असा तंटा धर्माधिकाऱ्यांत पेटला होता. तो अंगावर न घेता त्यांनी आपले काम चालू ठेवले.

गोव्यास परतल्यावर जुन्या गोव्यातील एका टेकडीवरच्या चर्चमध्ये, २५ सप्टेंबर १६८५ रोजी, काही गोमंतकीय धर्मगुरूंनी सेंट फिलिप नेरी यांच्या नियमानुसार एक मंडळ स्थापन केले. युरोपीय संघांची दारे त्या काळी देशी माणसाला बहुधा बंदच असत, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते. वाझ या मंडळाचे प्रमुख झाले. आता स्थिरस्थावर होऊन मानाने राहण्यास हरकत नव्हती. पण वर्षभरातच ते पद सोडून, १६८६ मध्ये, जॉन नावाच्या एका सेवकाला बरोबर घेऊन ते दक्षिणेकडे निघाले. तुतिकोरीनहून १६८७ मध्ये त्यांनी समुद्र ओलांडला. अंगावर धर्मगुरूचा झगा नव्हता. मजुराची वस्त्रे होती. गोऱ्या धर्मगुरूला डचांनी शंभर पावलांवरून ओळखले असते. सावळ्या वर्णाचा, अनवाणी चालणारा हा माणूस मात्र गर्दीत सहज मिसळून गेला. ज्या वर्णामुळे युरोपीय संघांत त्यांना जागा नव्हती, तोच येथे त्यांचे कवच ठरला.

पण पहिली भेट झाली ती दुखण्याशी. प्रवासाच्या हालांनी त्यांना अतिसाराने गाठले. परक्या गावात, परक्या भाषेत, घराबाहेर पडून राहिलेला एक आजारी भिकारी, एवढीच त्या वेळी त्यांची ओळख होती. कोणा एका स्त्रीने दया येऊन त्यांना पेज आणून दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्यांना आधार देण्यासाठी ते निघाले होते, त्यांच्यापैकी एकही माणूस अद्याप त्यांना भेटला नव्हता. माझ्या मते त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी येथे लागली. मोठ्या सभेसमोर श्रद्धेवर बोलणे सोपे असते. अंथरुणावर पडून, काहीही साध्य झालेले नसताना, संध्याकाळ झाली म्हणून माळ हातात घेणे कठीण असते.

बरे वाटल्यावर त्यांनी भिक्षा मागत जाफन्यात घरोघर फिरण्यास आरंभ केला. गळ्यात जपमाळ सर्वांना दिसेल अशी घातलेली. बोलायचे काहीच नाही. कोणाची नजर त्या माळेवर रेंगाळते, एवढे पाहायचे. चुकीच्या माणसाने पाहिले असते तर थेट तुरुंग. पुष्कळ दारांवरून ते रित्या हाताने परतले. अखेर एका घरच्या माणसांनी त्या माळेचा अर्थ ओळखला आणि दबक्या आवाजात विचारपूस केली. रात्र पडल्यावर दारे लावून त्या घरात मिस्सा झाली.

याच टप्प्यावर मला माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. जाफना पडल्यापासून वाझ तेथे पोचेपर्यंत जवळजवळ तीस वर्षे गेली होती. म्हणजे एक संपूर्ण पिढी जन्मून, वाढून, लग्नकार्ये होऊन संसाराला लागली होती. चर्च नाही, गुरू नाही, ग्रंथ नाहीत, सण उघड्यावर नाहीत. तरीही ती माळ ओळखणारे डोळे शिल्लक होते! कशामुळे? राजाने सत्ता घेतली, शिपायांनी इमारती घेतल्या. परंतु संध्याकाळी आईने मुलांना शेजारी बसवून हळू आवाजात म्हटलेली प्रार्थना कोणाला जप्त करता येत नाही. तिला एक तोंड आणि दहा बोटे लागतात. नित्याची प्रार्थना म्हणजे सर्व काही काढून घेतल्यावर उरणारी गोष्ट. वाझ यांनी तेथे श्रद्धा नेली नाही; ती तेथे होतीच. त्यांनी तिला सोबत दिली.

आपण २०२० साली याचा अनुभव घेतला आहे. टाळेबंदीत मंदिरे, मशिदी, चर्चे यांची दारे एकदमच बंद झाली. शतकांची पायी वारी थांबली आणि पालख्या एस. टी. बसने पंढरीस गेल्या. आमच्या गल्लीतली दोन माणसे त्या साथीत गेली. त्यांच्या अंत्ययात्रेला चार जण जाऊ शकले नाहीत. त्या दिवसांत शेजारच्या घरातून रोज तिन्हीसांजेला हरिपाठाचा आवाज येई. त्या घरातले माणूस त्यामुळे परत आले नाही. पण ते घर मोडून पडले नाही, हे मी पाहिले आहे. जाफन्याच्या त्या बंद दारांविषयी वाचताना म्हणूनच मला काही परके वाटले नाही.

छळ मात्र थांबला नाही. सिल्लालै या कॅथलिक वस्तीच्या गावी वाझ राहू लागले आणि डचांचा संशय वाढला. १६८९ च्या नाताळात जमलेल्या भाविकांवर शिपायांनी झडप घातली. वाझ निसटले, परंतु पकडलेल्यांपैकी काहींना त्या छळात प्राण गमवावे लागले. आपण वाचलो आणि आपल्यासाठी जमलेले लोक मेले, हे दुःख अतिसारापेक्षा कितीतरी मोठे असणार. १६९० मध्ये त्यांना पुत्तलमला जावे लागले आणि १६९२ मध्ये ते बेटाच्या मध्यभागातील कॅंडीच्या स्वतंत्र राज्यात शिरले. तेथे राजा विमलधर्मसूर्य दुसरा याच्या कानांवर घालण्यात आले, की हा पोर्तुगिजांचा हेर आहे. झाले! तुरुंग.

तुरुंगातल्या दिवसाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक कैद्याला खातो. वाझ यांचा दिवस आधीच आखलेला होता. प्रहरांच्या प्रार्थना, जपमाळ, चिंतन. उरलेल्या वेळात त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. हळूहळू पहारा सैल झाला. त्यांनी आवारातच एक झोपडीवजा प्रार्थनास्थळ उभारले आणि बरोबरच्या कैद्यांची सेवा सुरू केली. राजाच्या लक्षात आले, की हेर असा वागत नाही. १६९६ च्या अवर्षणात राजाने त्यांना प्रार्थना करण्यास सांगितले आणि पाऊस पडला, अशी कथा श्रीलंकेत श्रद्धेने सांगितली जाते. दुष्काळाची झळ जाणणाऱ्या आपल्या जिल्ह्याला त्या कथेतली आर्तता समजावून सांगावी लागणार नाही. तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु कथेतला पाऊस बाजूला ठेवला, तरी चार वर्षे तुरुंगात आणि पहाऱ्यात राहून राजाचा विश्वास संपादन करणे ही गोष्ट उरतेच.

आमच्या वादविवाद मंडळातील मित्र येथे हटकून विचारतील, की देवावर भरवसा ठेवणे म्हणजे हातपाय गाळून बसणेच नव्हे काय? याचे उत्तर १६९७ च्या देवीच्या साथीत आहे. कॅंडीत साथ पसरली, तेव्हा ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. रोग्यांना रानात नेऊन टाकण्यात येई. गोव्याहून नुकतेच काही सहकारी येऊन पोचले होते. त्यांच्यापैकी जुझे कार्व्हालो यांना घेऊन वाझ त्या रोग्यांत शिरले. अन्न शिजवून भरवणे, जखमा धुणे, आसऱ्यासाठी खोपटी उभारणे, मेलेल्यांना मूठमाती देणे, ही कामे त्यांनी केली. रोगी बौद्ध की ख्रिस्ती, हे पाहिले नाही. लस तर सोडाच, रोगाचे कारणही त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. प्रार्थनेने आपल्याला रोग होणार नाही, असे त्यांनी गृहीत धरले असे मला वाटत नाही. झाला तरी चालेल, एवढी मोकळीक तिने त्यांना दिली असावी. भीतीत गुंतलेले हात तिने सोडवले आणि कामाला लावले.

आपल्या सोलापूरला अशा माणसाची ओळख आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धातील जखमींची सेवा करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. एकाची प्रेरणा धर्माची, दुसऱ्याची मानवतेची. पण घरी परतण्याचा विचार दोघांनीही कर्तव्यापुढे मागे सारला.

आणखी एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. गोव्यातील धर्मसत्तेचा इतिहास आपल्याला विसरता येत नाही. साष्टीतील देवळे पाडली गेली आणि १५६० पासून तेथे इन्क्विझिशन होते. वाझ याच गोव्यात वाढले. परंतु ते जेथे गेले, तेथे त्यांच्या पाठीशी ना शिपाई होता, ना कायदा. उलट सत्ता त्यांच्या विरुद्ध होती. प्रॉटेस्टंट राजवटीने ज्याला हुसकले, त्या कॅथलिक धर्मगुरूला एका बौद्ध राजाने संरक्षण दिले, हीही या चरित्रातली मोलाची गोष्ट आहे आणि तिचे श्रेय त्या राजाला दिले पाहिजे.

पुढच्या काळात कामाचा विस्तार झाला. १७०५ मध्ये गोव्याहून आणखी सहकारी आले. त्यांत दिवाडी बेटावरचे जाकोम गोन्साल्विस होते. त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत विपुल लेखन केले आणि सिंहली कॅथलिक साहित्याचा पाया घातला. बेटाचे आठ विभाग पाडून एकेका धर्मगुरूकडे सोपवण्यात आले. जो एकटा उतरला होता, त्याच्यामागे आता एक संघटना उभी राहिली. शरीर मात्र झिजून गेले होते. १६ जानेवारी १७११ रोजी कॅंडी येथे, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, जोसेफ वाझ यांनी देह ठेवला. चोवीस वर्षांत ते गोव्याला एकदाही परतले नाहीत. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांच्या दर्शनाला देशोदेशीचे लोक येतात. वाझ यांचे दफनस्थान मात्र आज दाखवता येत नाही.

१९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबो येथे त्यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरात पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. श्रीलंकेचे ते पहिले संत. संतपदासाठी साधारणतः आणखी एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. पोप फ्रान्सिस यांनी ती अट शिथिल केली. मला हे फार अर्थपूर्ण वाटते. रोजचे आयुष्य हाच पुरेसा दाखला मानला गेला.

हिशेब करायचा तर सारेच काही त्यांच्या मनासारखे झाले नाही. डचांची सत्ता त्यांच्या प्रार्थनेने उलथली नाही. ती त्यांच्यानंतरही ८५ वर्षे, १७९६ पर्यंत, टिकली. जाफन्यात मेलेले लोक परतले नाहीत. तर मग रोजच्या त्या माळेने दिले काय? माझे आजोबा हातमागावर चादरी विणत. धोट्याच्या एका फेकीने कापड झाले असे कधी दिसत नाही. एक धागा पडतो, इतकेच. पण फेक चुकली नाही, तर संध्याकाळी वीतभर कापड मागावर दिसते. वाझ यांची प्रार्थना मला अशीच वाटते. तिने दुःख दूर केले नाही. दुःखाचा एकेक दिवस वाया जाऊ न देता विणून घेतला. अतिसाराच्या दिवसात धीर विणला, तुरुंगाच्या दिवसात एक नवी भाषा विणली, साथीच्या दिवसात रोग्यांची सेवा विणली.

आपण त्यांच्या धर्माचे असू वा नसू, देव मानत असू वा नसू, आपल्या वाट्याला वाईट दिवस येणार आहेत. त्या दिवसांसाठी लागणारा नेम मात्र संकट दारात आल्यावर जमवता येत नाही. तो साध्या, कंटाळवाण्या दिवसांत मण्यामागून मणी सरकवीत जमवावा लागतो.